विषय क्रमांक नऊ

गंगवालहून सव्वानऊची बस धरून
चौतीस वर्षं मी या गावात बैठका लिहायला येतो.
गाव लहान. पंधरा वॉर्ड, एक तलाव,
टँकर दोन, त्यातला एक कायम जॅकवर.

घरी मराठी, रजिस्टरात हिंदी.
आई होती तोवर रोज विचारायची,
"काय रे, आज ठराव झाला का?"
आणि मी मनात हसायचो, कारण
आमच्या ठरावात एक ह सरकवला
की इकडे त्याचा अर्थ होतो थांबून राहणं.
एका उसाशाचं अंतर.
पेन्शन जी मिळेल ती त्या ह मधल्या नोकरीची.

बैठक बाराची, सुरू दीडला.
मुक्तिधामच्या पत्र्यावर कधी वाद होत नाही;
"अपने को भी वहीं जाना है," अध्यक्ष म्हणतात,
दर वर्षी, आणि दर वर्षी तेवढंच हसू होतं.
भटक्या कुत्र्यांवर मात्र एक तास.
मग परमल-शेवेची ताटली फिरते,
जिना वाजू लागतो,
आणि विषय क्रमांक नऊला उरतात
पंखा, सीएमओ, मी आणि ज्यांना घरी काम नाही ते.

वॉर्ड अकराच्या पार्षद धापूबाई मकवाना.
पाचवी मुलगी झाली म्हणून धापू, म्हणजे बास, पुरे.
खुर्ची त्यांची. शेजारची खुर्ची रतनलालजींची,
जे निवडून आलेले नाहीत पण बोलतात तेच.
मी लिहायचो, "पार्षद वॉर्ड ११ ने कहा."
हे मी लिहिलं आहे. माझ्या अक्षरात. तीन वर्षं.

त्या दिवशी रतनलालजी जावऱ्याला, लग्नात.
शेजारच्या खुर्चीवर धापूबाईंची पिशवी.
बाई उठल्या, पदर सारखा केला,
पहिलं वाक्य टेबलालाच सांगितलं,
दुसरं आम्हाला :

"आमच्याकडे पाणी रात्री अडीचला येतं.
तुमच्याकडे सकाळी साडेसहाला.
मला जास्त पाणी नको.
महिन्या-महिन्याने वेळ फिरवा.
पंधरा वॉर्ड आहेत, पंधरा महिन्यांत फेरी पुरी.
पाणी तेवढंच लागेल, साहेब,
झोप फक्त वाटून घेऊ."

कुणीतरी शेव चावायचं थांबलं.
वॉर्ड दोनच्या महाशयांनी बोटांवर मोजून पाहिलं
आपला अडीच कोणत्या महिन्यात पडतो.
उन्हाळ्यात पडत होता.
सीएमओ पुस्तक चाळून म्हणाले, मनाई कुठेच नाही.
दारात व्हॉल्व्हवाला गुलाब उभा,
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, आणि तो
एकदा बाईंकडे, एकदा अध्यक्षांकडे बघत राहिला,
चेंडू बघावा तसा.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. स्वतःच्या पैशांनी
बसस्टँडवर माठ ठेवतात.
घड्याळ पाहून म्हणाले, "अगली बैठक में रखते हैं."
माझं पेन आपणहून चालू लागलं : आगामी बैठक में

"पुढची बैठक कधी?" बाई.
"दो महिने."
"मग बाबूजी, रात्री किती होतात?"
अध्यक्ष हसले. "साठ होंगी."
"साठ लिहा."

रजिस्टरात त्यासाठी रकाना नाही.
विषय, चर्चा, निर्णय, एवढंच छापलेलं.
निर्णयाच्या चौकटीत मी लिहिलं :
श्रीमती धापूबाई मकवाना के अनुसार, साठ रातें.
वाच म्हणाल्या. वाचलं.
"यात माझा माणूस नाही ना कुठे?"
नाही म्हटलं.
मग त्यांनी सही केली, वेळ लावून,
धा ला काना देताना जीभ किंचित बाहेर.

ऑडिटवाले लाल गोल करतील. करू देत.

सातव्या रात्री मला इंदुरात अडीचला जाग आली.
आमचा नळ सकाळचा. तरी उठून
तोटीखाली हात धरून पाहिला. कोरडी.
अंधारात हिशोब केला.
त्रेपन्न.